दाव्याचे दुसरे टोक

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करतो. भुताखेतांच्या गोष्टी मी वर्गात कधी सांगितल्या नाहीत आणि मुलांनाही सांगू दिल्या नाहीत. एखादा विद्यार्थी ओढ्याकाठच्या हडळीची हकीकत घेऊन आला, की मी त्याला तीन प्रश्न विचारत असे — तू स्वतः पाहिलीस का? किती अंतरावरून? उजेड कितपत होता? तिसऱ्या प्रश्नापर्यंत हडळ बहुधा निघून गेलेली असे.

या सदरातले वाचकांचे गूढ अनुभव मी नियमाने वाचतो, आणि खरे सांगायचे तर त्यांनाही मनातल्या मनात हेच प्रश्न विचारतो. आज स्वतःचा अनुभव लिहायला बसलो तेव्हा न्यायाने तेच प्रश्न मला लागू झाले. उजेड भरपूर होता, दुपार होती. परंतु मी स्वतः काही पाहिले नाही. मागे जे उरले ते मात्र पाहिले, हातात घेतले आणि तपासले. तेवढेच सांगतो... त्यापलीकडे जाणार नाही.

दुसरे महायुद्ध संपत आले होते. मी तेव्हा साताऱ्याच्या एका हायस्कुलात हस्तव्यवसाय शिकवत असे — सूतकताई, वेतकाम, सुतारकाम, पुठ्ठ्याचे काम. गावाबाहेर छावणीच्या बाजूला ब्रह्मदेशातून परतलेल्या जखमी जवानांसाठी एक तात्पुरता दवाखाना उघडला होता. पत्र्याच्या लांबट बराकी, पुढे तितकाच लांब व्हरांडा, आणि अंगणात कडुनिंबाची झाडे. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी आमच्या हेडमास्तरांकडे एक हस्तव्यवसायाचा शिक्षक मागितला. हेडमास्तरांनी मला पाठवले. शाळा सुटल्यावर मी तिथे जाऊ लागलो. पुढे सुटीच्या दिवशी दुपारपासूनच जाऊ लागलो.

डॉक्टर पहिल्या भेटीत म्हणाले, "हाडं मी जोडली आहेत, मास्तर. पण माणूस स्वतःच्या हातानं भाकरी मोडील तेव्हा तो हात जुळला, असं मी म्हणेन. ते काम तुमचं."

जखमी माणसाला टोपल्या विणायला बसवणे म्हणजे त्याचा वेळ घालवणे, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. प्रत्येक हस्तव्यवसायात एकेक सांधा दडलेला असतो. रंध्याने खांदा आणि कोपर चालतात. वेताची बैठक विणताना बोटांची पेरे वाकतात. माती मळताना तळहात उघडतो. आणि यात एक मानसशास्त्रही आहे. माणसाला नुसते 'मनगट फिरव' म्हटले, तर तो चार वेळा फिरवून थांबतो, कारण त्या हालचालीत दुखण्याखेरीज दुसरे काही नसते. त्याच माणसाला अर्धी विणलेली खुर्ची दिली, की तो दुखणे विसरून खुर्ची पुरी करतो. फळ्यावर वापरायचा लाकडी कोनमापक मी सोबत नेत असे. प्रत्येकाचा सांधा किती अंश वाकतो ते त्यावर मोजायचे आणि ज्याचे त्याला सांगायचे. आपली प्रगती अंशांत कळली की मोठी माणसेही शाळकरी मुलांसारखी खूष होतात.

व्हरांड्यात उघडणाऱ्या दारासमोरच्या खाटेवर उस्मान हवालदार होता. शिरवळचा, कल्हईवाल्यांच्या घरातला. त्याचे दोन्ही पाय प्लास्टरमध्ये. खाटेवर पडूनच तो वेताची बैठक विणी आणि तोंडाने सगळ्या वॉर्डाची करमणूक करी.

"मास्तर, मोडले माझे पाय आणि कामाला लावले हात," तो म्हणे. "तुम्ही पलटणीतच पाहिजे होता. तिथंबी असाच न्याय असतो."

आणि शेवटच्या खाटेवर होता शंकर.

शंकर कुंडलच्या अलीकडच्या एका वाडीचा, उसाची शेती असलेल्या घरचा. वय पंचविशीच्या आत. उजव्या दंडात गोळी शिरून मज्जातंतू दुखावला होता. जखम भरली होती, पण मनगट उचलत नसे. पंजा ओल्या पंच्यासारखा खाली लोंबे. डॉक्टरांच्या मते तंतू हळूहळू जुळणार होता, पण तोवर हात चालता ठेवला नाही तर सांधे आखडून कायमचे निकामी झाले असते. मी त्याच्यापुढे वेत ठेवला, माती ठेवली, टकळी ठेवली. त्याने कशालाही हात लावला नाही.

"नादाला लागू नगा, मास्तर. ह्यो हात कामाचा न्हाई."

"अरे, डॉक्टर म्हणतात बरा होईल."

"हुईल की. म्हनून तर म्हनतो."

त्या वेळी मला या उत्तराचा अर्थ लागला नाही.

एके दिवशी पायपुसणी करण्यासाठी मी घायपाताचा वाख नेला — वाख म्हणजे पाने ठेचून काढलेला पांढरा धागा. शंकरने डाव्या हाताने त्यातली एक जुडी उचलली, वास घेतला, ओढून पाहिली.

"बरा हाय. दावं हुईल ह्येचं."

दावे म्हणजे जनावर बांधायचा दोर. मी लगेच म्हटले, "मग कर."

"येकट्याला हुतंय व्हय? दुसरं टोक धराय मानूस लागतंय."

"मी धरतो."

त्याने मला पायापासून पगडीपर्यंत न्याहाळले. "तुमी? मंग धोतर तरी खोचा."

पलीकडून उस्मान ओरडला, "मास्तर, जपून! गाठ मारून गोठ्यात बांधून ठेवील तुम्हाला!"

शंकर हसला. मी त्याला हसताना पाहिले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

दावे कसे वळतात हे इथे सांगणे आवश्यक आहे, कारण पुढचे सर्व त्यावर अवलंबून आहे. वाखाची लांब वात करून दोन माणसे तिची दोन टोके धरतात. प्रत्येकाच्या टोकाला एक काडी अडकवलेली असते. समोरासमोर उभे राहून दोघे आपापली काडी उजवीकडे फिरवतात. समोरासमोर असल्यामुळे दोघांचे पीळ एकमेकांविरुद्ध भरतात आणि वात घट्ट होत जाते. घट्ट होताना ती आखडते आणि दोघांना पुढे खेचते, म्हणून मागे रेलून ओढ धरावी लागते. पीळ भरला की वात मधोमध दुमडायची. तिचे दोन भाग — त्यांना पेड म्हणतात — आपोआप एकमेकांवर चढतात, आणि दावे तयार होते. म्हणजे दाव्यात एक पेड एकाच्या हातचा आणि दुसरा दुसऱ्याच्या हातचा असतो; दोघांचे हात त्यात शेजारी शेजारी राहतात. माहितगार माणसाला ते वाचता येतात.

काडी फिरवताना मनगटाला नेमका हवा तो व्यायाम होतो. मी मनातून खूष झालो. पण शंकरची काडी उजवीकडे फिरताना अडखळत होती. डावीकडे फिरवणे त्याच्या हाताला सोपे जाईल, हे माझ्या ध्यानात आले.

"आपण दोघंही डावीकडे फिरवू," मी सुचवले. "पीळ उलटा पडेल, पण तुला सोपं जाईल."

त्याच्या हातातली काडी गळून पडली. वात फडफडत उलगडली.

"उलटा पीळ दादाचा हाय," तो म्हणाला. "तुमच्यासंगं न्हाई वळायचा."

मग त्याने हळूहळू सांगितले. त्याचा थोरला भाऊ महादू डावखुरा होता. त्याची काडी डावीकडेच फिरायची, म्हणून समोरचा शंकरही लहानपणापासून डावीकडे फिरवायला शिकला. त्यामुळे त्यांच्या घरातली सारी दावी, सारे कासरे उलट्या पिळाचे. गावात त्यांना 'उलट्या पिळाचं घर' म्हणत. जत्रेत हरवलेला बैलसुद्धा लोक त्याच्या दाव्यावरून त्यांच्या दारात आणून बांधत.

दोघे भाऊ एकाच पलटणीत होते. ब्रह्मदेशातल्या एका नदीतून दोर धरून पार होताना महादूचा पाय सुटला. शंकरने डाव्या हाताने दोर धरला आणि उजव्या हाताने भावाला. तेवढ्यात गोळी आली.

"हात उघडला, मास्तर," तो म्हणाला. "म्या न्हाई उघडला. त्योच उघडला."

प्रेत मिळाले नाही. सरकारने महादूला 'बेपत्ता' ठरवले आणि घरी तसे कळवले. महादूची बायको — शंकरची वैनी — तेव्हापासून वाट पाहत होती. आई-वडील पूर्वीच वारलेले. घरात ती एकटी, आणि देखरेखीला शेजारची एक म्हातारी चुलती. शंकरने जे पाहिले ते घरी कोणालाच कळवले नव्हते. हात बरा झाला की रजा मिळणार, रजा मिळाली की घरी जावे लागणार, आणि घरी गेले की वैनीपुढे उभे राहून सांगावे लागणार. 'म्हनून तर म्हनतो' याचा अर्थ मला त्या दिवशी लागला.

आम्ही उजव्या पिळाचीच दावी वळत राहिलो. शंकरचे मनगट आडव्या रेषेच्या खालीच राही. कोनमापकावर सुधारणा नाममात्र दिसे. त्याचा पेड अडखळत वळलेला, कुठे दाट, कुठे विरळ. माझाही काही वाखाणण्याजोगा नव्हता.

आता ती दुपार.

रविवार होता. मी येणार असे शंकरला सांगितले होते. परंतु वाटेत आमच्या हेडमास्तरांनी मला घरी बोलावून घेतले आणि मला दवाखान्यात पोचायला बराच उशीर झाला. उन्हे कलली होती, पण लख्ख प्रकाश होता. शंकर व्हरांड्याच्या पायरीवर बसला होता. त्याचा उजवा हात मांडीवर होता आणि पंजा... पंजा वर उचललेला होता. तो स्वतःच त्याच्याकडे पाहत होता. शेजारी एक पुरे झालेले दावे वेटोळे करून ठेवले होते.

मी आधी हात पाहिला. मनगट सरळ रेषेच्या वर गेले होते. मी कोनमापक लावला, काढला, पुन्हा लावला. मग दावे उचलले.

ते उलट्या पिळाचे होते.

"कोणाबरोबर वळलंस?" मी विचारले.

शंकरने मान वर केली. त्याचे डोळे ओले होते आणि चेहरा शांत होता. इतका शांत, की पुन्हा विचारण्याचा धीर मला झाला नाही. मी आत उस्मानकडे गेलो.

"मास्तर, गेला नाहीत अजून?" तो म्हणाला.

"मी आत्ताच येतो आहे."

"काय चेष्टा करता? मघाशी दावं कुणी वळलं मग? शंकऱ्या ह्या दारासमोर मागं रेलून उभा होता की. तुम्ही तिकडल्या टोकाला होता."

"मला पाहिलंस?"

उस्मान थबकला. त्याच्या खाटेवरून दारापुरताच व्हरांडा दिसत असे, पुढचा भिंतीआड. "तुम्हाला नाही... शंकऱ्याची पाठ बघितली. दोर बघितला, पार ताणलेला. मला वाटलं तुम्हीच. दुसरं कोण धोतर खोचून उभं राहतंय इथं?" मग आवाज उतरवून तो म्हणाला, "मास्तर, खरंच नव्हता?"

माझा स्वभाव संशय फेडून घेण्याचा. त्या दिवशी बाहेर हिंडताफिरता कोण होते, याची मी चौकशी केली. ऑर्डर्ली स्वयंपाकघरात होता. उरलेले पेशंट खाटांवर होते. कोणीही काडी धरली नव्हती. दुसरी शक्यता अशी, की शंकरने दुसरे टोक खांबाला बांधले असावे. तेही मी दुसऱ्या दिवशी स्वतः करून पाहिले. खांब पीळ देत नाही. त्याच्या बाजूचा पेड सैल पडतो. शंकरच्या दाव्यात एक पेड त्याच्या नेहमीच्या हाताचा होता — अडखळलेला, दाट-विरळ. मात्र दुसरा पेड सबंध लांबीत घट्ट आणि एकसारखा होता. तसा पेड मला वळता येत नव्हता, शंकरला येत नव्हता, आणि त्या वॉर्डात कोणालाच येत नव्हता.

डॉक्टरांना हाताचे आश्चर्य वाटले नाही. तंतू कधीकधी असा अचानक जागा होतो, असे ते म्हणाले. मी ते मानतो. दाव्याबद्दल मी त्यांना विचारले, तेव्हा ते हसून म्हणाले, "मास्तर, तो विषय तुमच्या खात्यातला."

त्यानंतर शंकर झपाट्याने सुधारला. त्याला रजा मिळाली. निघण्याच्या आदल्या दिवशी तो माझ्याकडे आला.

"मास्तर, वैनीला सांगतो म्या. ठरवलंय. पर येकट्याच्यानं सांगवायचं न्हाई. तुमी संगं चला. दुसरं टोक धरा."

मी गेलो. सातारा रोड स्टेशनवर गाडी पकडून आम्ही ताकारीला उतरलो आणि पुढे बैलगाडीने निघालो. शंकरने आपली वळकटी त्याच उलट्या पिळाच्या दाव्याने बांधली होती. माझी नजर तिकडे गेलेली पाहून तो म्हणाला, "त्येची वस्तू त्येच्या घरी नगं का न्यायला?"

दुपारी घरी पोचलो. वैनी अंगणात शेंगा निवडत होती. बारीक चणीची, तरतरीत बाई. कपाळावर ठसठशीत कुंकू. शंकरला पाहताच तिने सूप बाजूला सारले, भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातले. मग त्याच्या पाठीमागे वाटेकडे पाहत राहिली.

"भावजी, येकलंच?"

शंकरने खाली बसून तिच्या पायांपुढे कपाळ टेकले आणि सांगितले. सगळे सांगितले. नदी, दोर, हात. एकही शब्द गाळला नाही. त्या मुलाने महिनोन् महिने छातीवर वाहिलेला धोंडा त्या अंगणात उतरवताना मी पाहिला, आणि मला त्याचा अभिमान वाटला.

चुलतीने हंबरडा फोडला. वैनी रडली नाही. काही काम हातात असावे म्हणून की काय, ती शंकरची वळकटी सोडू लागली. चुलती रडत रडत तिच्या कपाळाकडे हात नेऊ लागली, आणि तेवढ्यात वैनीने तिचे मनगट पकडले.

"थांबा, आत्ती."

तिच्या दुसऱ्या हातात दावे होते. तिने ते बोटांमध्ये फिरवले. एक पेड चिमटीत धरून शेवटपर्यंत नेला, मग दुसरा. मग नाकाशी धरले.

"ह्ये कवा वळलं?"

तिने टोकाचा एक धागा तोडून पाहिला.

"वाख ताजा हाय. ह्या सालचा. भावजी, ह्यो येक पेड तुमचा, दुखऱ्या हाताचा. ह्यो दुसरा कुनाचा?"

शंकरने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी विसरलेलो नाही. "मास्तरांचा," तो म्हणाला. "मास्तरांनी न म्या वळलं."

वैनी उठली, आतून वाखाची जुडी आणि काडी घेऊन आली आणि माझ्यापुढे धरली. "आवं मास्तर, येवडी वीतभर वळून दावा."

एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून मी वळू लागलो. सवयीने काडी उजवीकडे गेली. मी थांबलो, डावीकडे फिरवली. जे झाले ते जाडबारीक आणि केविलवाणे होते. तिने ते घेतले, दाव्याशेजारी ठेवले, क्षणभर पाहिले आणि आदराने माझ्या हातात परत दिले.

"तुमी न्हवं," ती म्हणाली.

इथे त्या काळाची एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर आजच्या वाचकांना तिचे पुढचे बोलणे समजणार नाही. बेचाळीसच्या चळवळीनंतर त्या भागात कोण कोणाच्या माळ्यावर राहतो, कोण उसाच्या फडात झोपतो, हे विचारायचे नसे. पोलीस दारात आले की आई मुलाला मेला म्हणे, बायको नवऱ्याचे नाव ऐकलेच नाही म्हणे. गावेच्या गावे खोटी शपथ घेत, आणि ती खोटी शपथ हाच तिथला धर्म होता.

"भावजी, मला येडी समजू नगा," वैनी हळू आवाजात म्हणाली. "लपल्यात व्हय त्ये? पलटन सोडून आल्यात? आसूं द्या. कुटं हाईत इचारत न्हाई. पर मेला म्हनू नगा."

"वैनी, आईची आन..."

"आन घेऊ नगा. आशा येळंला समदी घेत्यात."

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. उलट, एक प्रकारचे कौतुक होते — दिराने गुपित चांगले राखले म्हणून. शंकर उकिडवा बसून रडत होता, आणि तेसुद्धा तिला त्या सोंगाचाच भाग वाटत होते. माझ्यासारख्याने पुढे होऊन काय सांगायचे? दावे तिच्या नवऱ्याने वळले नाही, हे मला सिद्ध करता येत नव्हते. कोणी वळले, हेही सांगता येत नव्हते. शाळेत शिकवलेले सारे तर्कशास्त्र तिच्याच बाजूने होते.

पुढे सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले त्या सुमारास माझी बदली सांगलीला झाली. एकदा पेठेत शंकर मला गुळाच्या ढेपा उतरवताना दिसला. उजव्या हाताने ढेप उचलून खांद्यावर घेत होता. हातात कसलेही वैगुण्य राहिले नव्हते. मला पाहताच त्याने ढेप खाली ठेवली आणि वाकून नमस्कार केला. आम्ही अडतीच्या ओट्यावर बसलो. मी वैनीची चौकशी केली.

"बोलत न्हाई माझ्यासंगं," तो म्हणाला. "भाकरी वाढती, बोलत न्हाई."

"का रे?"

"सवराज आलं, मास्तर. समदी लपल्याली परत आली. ज्येंच्यावर वारंट हुतं त्ये बी आली, गुलाल लावून. त्या दिसांत रोज येशीपाशी जाऊन हुबी ऱ्हायची. शेवटचा मानूस आला तवर हुबी ऱ्हायली." त्याने ढेपेवरच्या माश्या हाकलल्या. "आता म्हनती, मीच दादाला येऊ नगं म्हनून सांगितलं. जमिनीसाठी."

त्याच्या हाताकडे पाहवेना, म्हणून मी रस्त्याकडे पाहू लागलो. हात मी बरा केला होता. निदान तसे दवाखान्यात सगळे म्हणत.

न राहवून मी विचारले, "शंकर, आता तरी सांग. त्या दुपारी दुसरं टोक कोणी धरलं होतं?"

"म्या बघितलं न्हाई."

"समोर उभा राहून?"

"काडीवर नजर ठेवून हुतो. वातीला दोन्ही काड्या बांधून तुमची वाट बघत हुतो. मग फुडनं ओढ आली. वळखीची ओढ हुती, मास्तर, लहानपनापास्नं वळखीची. म्या मान खालीच ठेवली. म्हटलं, वर बघितलं न तिकडं कोन नसलं, तर ह्यो हात दुसऱ्यांदा उघडंल." त्याने तळहात उघडून पाहिला. "बघाय पायजे हुतं का वो?"

मी उठून त्याला ढेप खांद्यावर चढवून दिली.

मी ही हकीकत अनेक जाणत्या लोकांना सांगितली आहे. कोणी म्हणतात उस्मानला भास झाला. परंतु भासाने दावे वळत नाही. कोणी म्हणतात शंकरनेच कसेतरी केले असेल. त्यांना मी वाख देतो आणि करून दाखवा म्हणतो. अजून कोणी दाखवलेले नाही. तेव्हा मजजवळ स्पष्टीकरण नाही, हे मी सरळ मान्य करतो. मात्र अशा अनुभवांच्या शेवटी मेलेले माणूस जिवंतांना काही दिलासा देऊन गेले, असे जे पुष्कळदा लिहिलेले असते, ते मला लिहिता येत नाही. त्या दाव्याने एका माणसाचा हात जोडला आणि एका बाईला आयुष्यभर वेशीवर उभे केले. ज्याने त्याचे दुसरे टोक धरले, त्याला हे ठाऊक असते तर त्याने धरले असते का, हेही मला माहीत नाही.

एक प्रसंग सांगायचा राहिला. मी त्या दिवशी वाडीहून निघालो, तेव्हाचा. बैलगाडी ओढ्याशी पोचली असता मागून कोणीतरी धावत आले. वैनी होती. गाडीवान ऐकणार नाही अशा बेताने तिने मला बाजूला बोलावले. तिला दम लागला होता.

"आवं मास्तर, नाव-गाव कायबी सांगू नगा. म्या इचारनार न्हाई. पर दावं वळताना तुमी तिथंच हुतासा न्हवं?"

मी गाडीवानाकडे पाहिले.

"येवडंच सांगा. त्येंला बसाय दिलंसा का? चा दिलासा?"

ओढ्याचे पाणी वाजत होते. तिने पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

"दिला," मी म्हणालो.

"गुळाचा?"

"गुळाचाच."

तिने मान हलवली, मला वाकून नमस्कार केला आणि वाडीच्या दिशेने परत चालू लागली. थोडे अंतर गेल्यावर मात्र तिची चाल मोडली. ती बांधावर बसली आणि पदरात तोंड घालून रडू लागली. बातमी ऐकल्यापासून प्रथमच. मी गाडीजवळ उभा राहून पाहत होतो, आणि त्या रविवारी दवाखान्याच्या व्हरांड्यात कोण आले होते आणि कोणीही विचारपूस न केल्यामुळे तसेच परत गेले होते, हे मला माहीत नव्हते. अजूनही नाही.